खेळ की खेळाचं आमिष?

कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. आपल्याकडे या विषयाला पाऊण शतक झालं. तरी पनवेलला बसून मुलांवरचे शोधनिबंध वाचताना एक गोष्ट खटकतेच: शीर्षकात ‘खेळ’, मोजमाप मात्र फक्त पकडीच्या ताकदीचं.

सागरगोटे घ्या. एक उडवायचा, तो खाली यायच्या आत दुसरा उचलून वरचा झेलायचा. नजर आणि हात यांचा मेळ बसवायला उत्तमच. पण ‘वीस वेळा उडव’ म्हटलं, की झाली कवायत. कवायत वाईट नाही हो. पण मग मूल सुधारलं, तर श्रेय खेळाला कसं देणार?

अनिता बंडी खेळकरपणा तपासताना या गोष्टीही बघतात: मूल आपणहून खेळतंय का, सूत्रं त्याच्या हातात आहेत का, ‘खोटं-खोटं’ मानायची मोकळीक आहे का. हे निकषही निरीक्षकाच्या नजरेवर अवलंबून आहेत, मान्य. तरी खेळाचीच तपासणी होते.

म्हणून प्रस्ताव लिहाल तेव्हा पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा: मूल ‘नको’ म्हणालं, तर काय कराल? उत्तर नसेल, तर शीर्षकातला ‘खेळ’ खोडा.