शब्दांचा राखणदार

मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी सोलापुरात निवर्तले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांच्यामागे जे लिहिले गेले त्यात ‘अरण्यऋषी’ हा शब्द फार वेळा आला. ऋषी म्हटले की आपली मोठी सोय होते. ऋषीला नमस्कार करावा आणि आपल्या वाटेने जावे. त्याचे म्हणणे तपासण्याची किंवा मनावर घेण्याची गरज उरत नाही. म्हणून या दिवाळीत त्यांच्याकडे एक लेखक म्हणून पाहावे, असे मला वाटते.

त्यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात झाला. कोइमतूरच्या वन महाविद्यालयात त्यांनी १९५८ ते १९६० या काळात शिक्षण घेतले. वनखात्यात बरीच वर्षे काढली आणि १९९० साली मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचे उपसंचालक म्हणून ते निवृत्त झाले. मध्यंतरी कर्नाळा झाले, नवेगाव झाले, नागझिरा झाले. नोकरीचा हा तपशील रूक्ष वाटेल. परंतु त्यांच्या वाङ्मयाचे वेगळेपण त्यातच आहे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले आणि निसर्ग हा ललित लेखनाचा स्वतंत्र विषय होऊ शकतो, याची मराठी वाचकाला खूण पटली. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले ते रानाचे जाणते पाहुणे म्हणून. चितमपल्ली मात्र त्या घरचेच. ज्याने रानाचा कारभार सांभाळायचा त्यानेच रानाचे वाङ्मय लिहायचे, असा योग आपल्याकडे विरळाच.

‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘शब्दांचं धन’, ‘केशराचा पाऊस’ आणि ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र ही त्यांची पुस्तके ओळीने वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. या माणसाला नाव नसलेली वस्तू सहन होत नाही. इंग्रजीत कावळ्यांच्या वसाहतीला एक शब्द आहे आणि बगळे-करकोच्यांच्या वसाहतीला दुसरा. मराठीत आपण ‘पुष्कळ घरटी’ म्हणून वेळ मारून नेत होतो. चितमपल्लींनी ‘काकागार’ आणि ‘सारंगागार’ हे शब्द वापरात आणले. हे शब्द संस्कृत वळणाचे आहेत, आणि त्यांनी संस्कृतचा अभ्यास मुद्दाम केला होता. पण त्यांचा दुसरा शब्दसाठा पंडितांकडून आलेला नाही. तो गोंड, कोरकू, पारधी यांच्या तोंडून आला. दोन्ही शब्द त्यांच्या वाक्यात शेजारीशेजारी बसतात आणि कोणी वरच्या पाटावर बसत नाही. ही मला त्यांच्या शैलीची मोठी मिळकत वाटते.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकात कोहळी समाजातील कोलू पाटलांनी बांधला. त्या तलावाच्या काठी चितमपल्लींना माधवराव पाटील भेटले. पुस्तकातला पक्षी आणि पाण्यावरचा पक्षी यांची गाठ अशा माणसांनी घालून दिली, आणि चितमपल्लींनी ते ऋण नावानिशी मान्य केले. माहिती घ्यावी आणि सांगणाऱ्याला ‘एक आदिवासी’ म्हणून निकालात काढावे, ही आपल्या पुष्कळ अभ्यासकांची जुनी खोड. ती त्यांना लागली नाही. त्यांच्या लेखनात रानातला माणूस साक्षीदार म्हणून न येता गुरू म्हणून येतो.

आता दोन आक्षेप. पहिला असा की, प्रत्यक्ष पाहिलेले आणि नुसते ऐकलेले यांच्यातली रेघ ते पुष्कळदा पुसट ठेवतात. पारध्याने सांगितलेली अद्भुत कथा आणि स्वतः टिपलेली नोंद एकाच शांत सुरात येतात. कथा म्हणून दोन्ही गोड लागतात; पण पुढे कोणी अभ्यासाला बसला तर त्याची पंचाईत होते. दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या ललित लेखनात रागाचा स्वर क्वचितच लागतो. रान राखण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले, परंतु रान का जाते, कोणाच्या लाभासाठी जाते, आणि रान राखताना गरिबाच्या कोणत्या वाटा बंद होतात, हा झगडा त्यांच्या पानांवर फारसा ऐरणीवर येत नाही. सरकारी नोकरीचा संकोच म्हणावा, की स्वभावाची सौम्यता म्हणावी? काही असो, वाचक त्यांच्या पुस्तकातून ताजातवाना होऊन बाहेर पडतो. अस्वस्थ होऊन पडत नाही.

ही उणीव मला जाणवते याला माझ्या मुलखाचेही कारण आहे. मी नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कर्जत भागातला. आमच्याकडे दाट अरण्य नाही. कुसळीचे गवत, तरवड, हिवर आणि वर मोकळे आभाळ, हेच आमचे रान. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य इथेच आहे. १९८० साली झालेले, अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. त्याच्या आदल्या वर्षी, १९७९ साली, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले होते. ते कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होते. त्यात गावे आली, शेते आली, बाजाराच्या पेठा आल्या. जमिनीच्या व्यवहाराला अडथळे होऊ लागले तेव्हा लोकांचा राग पाखरावर निघाला. पुढे हद्द घटवून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणली. तोवर पाखराने आपली हद्द स्वतःच आवरून घेतली होती. आमच्या माळावर आता माळढोक दिसत नाही. साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरले असावेत, आणि तेही बहुतेक राजस्थानात.

चितमपल्ली याच माळाच्या शेजारचे, सोलापूरचे. तरीही त्यांच्या पुस्तकांत विदर्भाची अरण्ये जितकी भरून राहिली आहेत, तितका हा उघडा माळ नाही. त्यांनी ‘पक्षीकोश’ केला, वृक्षांचा आणि माशांचाही कोश केला. एका माणसाच्या आयुष्यात हे काम थोडे नव्हे. पण माळढोक, ज्याला कुठे हूम म्हणतात, त्याचे नाव कोशात शाबूत आणि माळ रिकामा, हे चित्र समोर आले की कोश म्हणजे नेमके काय, असा प्रश्न पडतो.

दूर आइसलंडात ‘ओक’ नावाची एक हिमनदी होती. ती मेली असे तिथल्या जाणकारांनी २०१४ साली सांगितले, आणि २०१९ साली तिच्या जागी एक स्मृतिफलक बसवला. त्यावरचा मजकूर आंद्री स्नायर माग्नासोन या लेखकाने लिहिला. धरणाच्या प्रकल्पावरून आपल्या सरकारशी भांडलेला हा गृहस्थ. फलकावरचे शब्द पुढच्या पिढ्यांना उद्देशून आहेत. लेखकाच्या वाट्याला कधीकधी असे श्राद्धाचे लिखाणही येते. चितमपल्लींचे कोश उद्या असे स्मृतिफलक ठरतील काय? ते आता त्यांच्या हाती राहिलेले नाही. आपल्या हाती आहे.

याचे उत्तर मला आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला दिसते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जमवले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे मडक्यात कितीही जपून ठेवा, काही हंगामांनी ते मरते. ते पेरावे लागते, पिकवावे लागते, शेजारणीला द्यावे लागते. शब्दांचेही तसेच. ज्या घरातल्या मुलाला टिटवी, चंडोल, पखुर्डी आणि धाविक नावानिशी ओळखता येतात, त्याला माळ म्हणजे पडीक जमीन वाटत नाही. ज्याला माळ पडीक वाटत नाही, तो उद्या ती जमीन कोणाला कशासाठी देऊ केली हेही विचारील. चितमपल्लींनी जो झगडा लिहिला नाही, तो त्यांच्याच शब्दांच्या बळावर असा उभा राहू शकतो. म्हणून ‘पक्षीकोश’ कपाटात काचेआड ठेवू नये. मुलांच्या हाती द्यावा, त्याची पाने मळू द्यावीत, आणि सुटीत एकदा तरी त्यातली नावे घेऊन मुलांसोबत माळावर जावे.