शरणपूरची ‘मुलं’ आणि मिशनरी पत्रांचं वाचन

 

आजचा विषय पत्रांचा आहे. घरापासून दूर, परक्या किनाऱ्यावर धर्मकार्यासाठी गेलेल्या तरुण मुलांनी लिहिलेली पत्रं आणि रोजनिश्या. हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे आणि आपण तो साहित्य म्हणून फारसा वाचत नाही, असं आम्हाला वाटतं.

आजचं उदाहरण आधी घेऊ. ज्यांना आपण मॉर्मन म्हणतो त्या अमेरिकन पंथात अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांसाठी प्रचाराला जातो. कुठे जायचं ते तो ठरवत नाही. कधी पॅसिफिक महासागरातलं एखादं छोटं बेटही वाट्याला येतं. पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, आणि त्या पट्टीवर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा. वय अठरा! आठवड्यातून एकदा तो घरी लिहितो, आणि २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोनही करू शकतो. पत्रात काय असतं? पाऊस, डास, नवी भाषा, एखाद्या म्हातारीनं खाऊ घातलेला मासा, आणि शेवटी सगळं देवाच्या कृपेनं ठीक चाललंय. पत्र आईला असतं, पण ते मंडळीतही वाचलं जाणार हे मुलाला ठाऊक असतं. त्यामुळे रडू आलं तरी ते पत्रात जपूनच येतं. पत्र कुणाला लिहिलंय, यावर पत्रात काय येणार हे ठरतं. आजचं आमचं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे.

आता नाशिककडे येऊ. आपल्यातले कितीतरी जण रोज शरणपूर रोडवरून जातात. हे शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीनं १८५०च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती. विल्यम प्राइस हे तिचे मुख्य मिशनरी. नावातच आहे, शरण आलेल्यांचं पूर. या वस्तीत १८६०च्या सुमारापासून आफ्रिकन मुलं येऊ लागली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेली जाणारी, इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी समुद्रात सोडवलेली आणि मुंबई बंदरात उतरवलेली ही मुलं. त्यांना इथे इंग्रजी शिकवलं, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं, बाप्तिस्मा दिला, नावं दिली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग अशी नावं. प्राइस आणि आयझेनबर्ग ही दोन्ही इथल्या मिशनऱ्यांची आडनावं, हे लक्षात घ्या.

आणि मग ही मुलं परत पाठवली गेली. १८६४ मध्ये जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तरुण मोम्बासाला गेले. मोम्बासा हे बेट. तिथून खाडी ओलांडून आत टेकडीवर राबाई नावाचं गाव, आणि तिथे योहानेस रेबमान हा जर्मन मिशनरी १८४६ पासून ठाण मांडून बसलेला. त्याच्या हाताखाली हे नाशिकचे तरुण. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन स्वतः नाशिकला आला आणि शेवटच्या मोहिमेसाठी इथून मुलं घेऊन गेला. पुढे १८७२ मध्ये झांझिबार बेटावरून लिव्हिंगस्टनकडे जी मदतीची तुकडी धाडली, तिच्यातही नाशिकचे तरुण होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार हे त्यातले. इंग्रजी पुस्तकांत या सगळ्यांना एकच नाव आहे: ‘नासिक बॉइज’. नाशिकची पोरं. वय वाढलं तरी पोरंच. तिकडे अठरा वर्षांच्या मुलाला वडीलधारा म्हणतात, आणि इकडे मोठ्या बाप्यांना पोरं. टीकाकारानं पहिली खूण इथेच करायला हवी.

आता ग्रंथांकडे येऊ. आम्ही तीन मजकूर घेतले आहेत.

पहिला, लिव्हिंगस्टनच्या ‘लास्ट जर्नल्स’. संपादक होरेस वॉलर, दोन खंड, साल १८७४. लिव्हिंगस्टन १८७३च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात वारला. त्याच्या माणसांनी प्रेत वाळवलं, काळीज तिथेच झाडाखाली पुरलं आणि देह खांद्यावर घेऊन महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनारा गाठला. ही हकिगत पुस्तकाच्या शेवटी आहे. मुखपृष्ठावरच म्हटलंय की ती चुमा आणि सुसी या विश्वासू सेवकांकडून मिळवलेली आहे. चुमा आणि सुसी यांनी तोंडी सांगितलं, वॉलरनं लिहिलं.

यात गैर काय? चुमा-सुसींचं श्रेय खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच तांड्यात एक माणूस होता ज्याला लिहिता येत होतं, आणि तो नाशिकला शिकलेला होता. जेकब वेनराइट. मृत्यूनंतर पेट्या उघडल्या तेव्हा कागद-शाई घेऊन सामानाची यादी करायला त्यालाच बोलावलं. पुरताना इंग्रजीतली अंत्यविधीची प्रार्थना त्यानंच वाचली. झाडावर लेख कोरला तो त्यानं. शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला तोही तोच. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या सोबतीला जे मानकरी चालले त्यांत वेनराइट होता आणि वॉलरही होता. म्हणजे लेखक आणि संपादक एकाच शवपेटीच्या बाजूनं चालले! तरी पुस्तकात वेनराइट येतो तो यादी करणारा, अक्षर कोरणारा म्हणून. हकिगत सांगणारा म्हणून येत नाही.

आम्हाला याचं कारण असं दिसतं. जो बोलतो त्याचं बोलणं संपादकाला घडवता येतं. जो लिहितो तो आधीच लेखक झालेला असतो, त्याला विश्वासू सेवक या चौकटीत बसवणं अवघड जातं. हे आमचं अनुमान आहे. पण पुस्तकाची रचनाच ते सुचवते.

दुसरा मजकूर वेनराइटची स्वतःची रोजनिशी. मृत्यूनंतरच्या त्या प्रवासाची. तिचं जर्मन भाषांतर १८७४ मध्येच एका भूगोलाच्या नियतकालिकात आलं. इंग्रजी हस्तलिखिताला मात्र सगळ्या जगाला वाचता येईल अशा रूपात इंटरनेटवर यायला २०१९ उजाडलं. जवळजवळ दीडशे वर्षं!

आता, मंडळी, अशी दाबलेली वही सापडली की आपल्याला वाटतं आत बंडखोर आवाज असणार. तसं नाही. वेनराइट वाटेतल्या गावांतल्या लोकांबद्दल, म्हणजे आपल्याच खंडातल्या माणसांबद्दल, कडवट लिहितो. त्यांच्या चालीरीतींकडे वरून पाहतो. काही अभ्यासकांना याचा धक्का बसला. आम्हाला बसला नाही. लहानपणी पकडून विकलेला मुलगा, शरणपुरात वाढलेला. त्याला लिहायला जी भाषा मिळाली ती मिशनच्या अहवालाची. त्या भाषेत ‘रानटी’ आणि ‘सुधारलेला’ हे दोनच कप्पे आहेत. लेखणी हातात आली ती या कप्प्यांसकट. म्हणून त्याला नुसतं हीरो करणं सोपं आहे आणि नुसतं नाव ठेवणंही सोपं आहे. वाचन म्हणजे या दोन्हींच्या मध्ये उभं राहणं.

तिसरा मजकूर विल्यम जोन्सचा. हाच तो १८६४ मध्ये गेलेला. १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टननं त्याला आणि सेमलरला दीक्षा दिली, म्हणजे जोन्स पाळक झाला, नाशिकहून निघाल्यावर एकवीस वर्षांनी. त्याच वर्षी तो बिशपबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. बिशप थोडी माणसं घेऊन पुढे गेला आणि मारला गेला. मागे थांबलेला तांडा जोन्सनं परत किनाऱ्याकडे आणला. १८८६च्या फेब्रुवारीत ते राबाईला पोचले, तेव्हा पुढे निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: ईखाबोद. जुन्या करारातलं नाव आहे ते. अर्थ असा की वैभव गेलं.

हॅनिंग्टनचं चरित्र १८८७ मध्ये ई. सी. डॉसननं लिहिलं. त्यात शेवटच्या प्रवासासाठी जोन्सच्या रोजनिशीचा आधार घेतलेला आहे. पण आधारच. पुस्तकाचा नायक बिशप आहे, आणि बिशप गेल्यावर जोन्सची गरज संपते. खऱ्या आयुष्यात तसं झालं नाही. राबाईच्या वस्तीत मालकांकडून पळालेले गुलाम आसऱ्याला येत होते आणि जोन्स त्यांना थारा देत होता. १८८८ मध्ये मालक मंडळी मागणी घेऊन आली, प्रकरण हातघाईवर येणार असं दिसू लागलं. शेवटी इंग्रज कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझीनं मालकांना भरपाई दिली आणि १८८९च्या पहिल्या दिवशी सुमारे १,४०० माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले. जो स्वतः सोडवून आणलेला मुलगा होता, त्याच्या दारात हे घडलं. आमच्या मते शरणपूर या शब्दाचा खरा अर्थ लावणारी कृती ही आहे, आणि ती नाशिकला नव्हे, राबाईला झाली. पण चरित्रमालेच्या हिशेबात ती बिशपच्या मरणाएवढी मोठी ठरत नाही.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे. पत्र कुणाला लिहायचं? मॉर्मन मुलाला निदान आई आहे. तिला खोटं आनंदी पत्र लिहिलं तरी ती ओळींमधलं वाचते. जोन्स, डेव्हिड, वेनराइट यांना आई कुठे होती ते ठाऊक असण्याची शक्यता किती? त्यांचं घर म्हणजे शरणपूर आणि तेही मिशनचंच. म्हणजे पत्र घरी लिहा की सोसायटीला, पोचणार एकाच टेबलावर. ज्या टेबलावरून पगार येतो, बढती येते, त्याच टेबलावर. तिथे तक्रार कशी लिहायची? आणि तक्रारी होत्या. नाशिकहून गेलेल्यांना तिथले युरोपियन मिशनरी शिष्ट समजत, पगार आणि मान यांवरून खटके उडत. पण छापील अहवालात ते मिशनऱ्यांच्या बाजूनं येतं.

याच्या शेजारी आपण ‘स्मृतिचित्रे’ ठेवू. लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि नाशकातच १९३६ साली वारल्या. त्यांच्याही पुस्तकाच्या मध्यभागी धर्मांतरच आहे. नारायण वामन टिळकांचं, १८९५ सालचं, आणि मग त्यांचं स्वतःचं. पण लक्ष्मीबाई लिहितात ते शेजारणीला सांगितल्यासारखं. वाचक मराठी आहे, ओळखीचा आहे, पगार देणारा नाही. म्हणून त्या नवऱ्यावर हसतात, मिशनऱ्यांवर हसतात, स्वतःवर सगळ्यात जास्त हसतात. आम्ही प्रतिभेची तुलना करत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की हसायला आधी आपला वाचक लागतो. वेनराइटला तो मिळाला नाही. त्याच्या वाचकाला हवा होता लिव्हिंगस्टन.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मिशन नसतं तर ही मुलं कुठल्या तरी मळ्यात गुलाम म्हणून मेली असती. अक्षरओळख मिशननं दिली. रोजनिशी आहे ती त्यामुळेच. मग तक्रार कसली? आमचं उत्तर असं की उपकार खरे आहेत, आणि उपकारांची किंमत भाषेत वसूल झाली हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिलेल्या आहेत. त्यातली एकच वाचणारा वाचक अर्धा वाचक. मिशनच्या बाजूचा असो की विरोधातला.

आणि आपली बाजूही पाहू. आपण नाशिककर काय करतो? मोम्बासात किनाऱ्यावर फ्रेअर टाउन वसलं ते १८७५ मध्ये, याच प्राइस साहेबांच्या हातून आणि इथून गेलेल्या माणसांच्या श्रमातून. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव त्याला. तिथली घंटा अजून आहे, आणि स्वाहिलीत त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, घंटेची जागा. तिथल्या बसवाल्याच्याही तोंडी ते नाव आहे. आपल्या तोंडी शरणपूर रोड आहे, पण शरण कोण आलं होतं हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटलं की आपण बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई इथपर्यंत जातो. ते योग्यच. पण आपल्या गावात लिहायला शिकलेला आणि जगाच्या एका गाजलेल्या प्रवासाची हकिगत लिहिणारा वेनराइट आपल्या यादीत नाही, कारण तो मराठीत लिहीत नव्हता आणि मराठी दिसत नव्हता. तो १८९२ मध्ये आजच्या टांझानियात, उरांबोला वारला.

म्हणून शेवटी दोन गोष्टी सुचवतो. एक, वेनराइटची रोजनिशी इंटरनेटवर फुकट वाचता येते. इंग्रजी जमणाऱ्यांनी ती वाचावी, आणि कुणीतरी ती मराठीत आणावी. टिपा देऊन, कडवट जागा न गाळता. दोन, यापुढे कुठलंही मिशनरी पत्र वाचाल, जुनं किंवा आजच्या एखाद्या अठरा वर्षांच्या पोराचं, तर तो काय लिहितो याच्या आधी विचारा की हे उघडणार कोण आहे. बरीचशी टीका त्या एका प्रश्नात होऊन जाते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.