सोमरसाचा प्रश्न, सूडाचं उत्तर

अमीश त्रिपाठींच्या शिवत्रयीवर बोलायला बसलं की बहुतेक जण ‘मेलुहा’वरच रेंगाळतात. तिसरी कादंबरी, ‘वायुपुत्रांची शपथ’, शेवटच्या पानापर्यंत वाचून तिच्याशी भांडायला तयार असलेले फार कमी भेटतात. मला भांडायचंय ते हिच्याशीच. कारण तिन्हींतली सगळ्यात मोठी कल्पना हिच्यात आहे आणि सगळ्यात मोठी पळवाटही हिच्यातच आहे. (पुढे शेवट उघड केलाय. वाचायची राहिली असेल, तर इथेच थांबा.)

पहिली कादंबरी इंग्रजीत २०१० साली आली, दुसरी २०११ मध्ये, ही २०१३ मध्ये. पहिल्या दोन पुस्तकांत शिव शोधत असतो, की दुष्ट नेमकं कोण? सूर्यवंशी म्हणतात चंद्रवंशी, सगळे मिळून म्हणतात नाग. तिसऱ्यात उत्तर मिळतं, आणि ते माणूस नसतंच. ते असतं सोमरस. ज्या पेयामुळे मेलुहाचे लोक शंभरी ओलांडूनही तरुण राहतात, ते बनवायला सरस्वतीचं अफाट पाणी लागतं. त्याचा विषारी गाळ दूर तिबेटात त्सांगपो नदीत टाकला जातो. हीच नदी पुढे ब्रह्मपुत्रा होऊन ब्रंगात उतरते आणि तिथे माणसं रोगराईने मरतात. व्यंग घेऊन जन्मलेली नाग मुलंही याच सोमरसाची देणगी. म्हणजे कालचं सर्वांत मोठं चांगलंच आजचं सर्वांत मोठं वाईट झालंय, आणि ते करणारे लोक वाईट नाहीत. ते फक्त नदीच्या वरच्या बाजूला राहतात.

मी खराडीत राहते, त्यामुळे ही कल्पना मला पुराणातली वाटत नाही. काचेच्या आयटी पार्कमागून वाहणारी मुळा-मुठा इथे येईपर्यंत अख्ख्या पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन आलेली असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडी भागात नदीवर उठलेल्या डासांच्या वावटळीचा व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. आपण नाक दाबून पूल ओलांडतो. नदी पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. आपला सोमरस म्हणजे आपलं शहर, आणि ब्रंग म्हणजे उजनीच्या काठची गावं. एवढं जवळचं रूपक लोकप्रिय कादंबरीत क्वचित सापडतं.

या कल्पनेला न्याय देणारं पात्रही पुस्तकात आहे. पर्वतेश्वर हा मेलुहाचा सेनापती. नीळकंठावर त्याची श्रद्धा आहे, तरीही युद्धात तो मेलुहाच्या बाजूने उभा राहतो, कारण ते त्याचं घर आहे. शिव त्याला अडवत नाही. दोन बरोबर माणसं समोरासमोर उभी आहेत आणि दोघांनाही ते ठाऊक आहे, या प्रसंगांत कादंबरी खरंच मोठी होते.

आणि मग सती मरते. शांततेच्या बोलणीसाठी म्हणून गेलेल्या सतीवर दक्षाने पोसलेले मारेकरी तुटून पडतात. तिची एकाकी झुंज अमीशनी जीव ओतून लिहिलीय. पण त्यानंतर पुस्तकाचा रस्ताच बदलतो. मेलुहाला धाक दाखवून नमवण्यासाठी मिळवलेलं पाशुपतास्त्र शिव देवगिरीवर सोडतो. पर्वतेश्वर आणि आनंदमयी शहरातच थांबतात आणि त्यातच संपतात. सोमरसाचा गुप्त कारखाना नेमका याच शहराखाली असतो, त्यामुळे सूडही पूर्ण होतो आणि कामगिरीही फत्ते होते.

माझं भांडण या योगायोगाशी आहे. कारखाना दुसऱ्या कुठल्या गावात असता, तर? मग शिवाला निवड करावी लागली असती: बायकोचा सूड, की ब्रंगाच्या पोरांचं पाणी? लेखकाने त्याला त्या पेचातून आधीच सोडवून ठेवलंय. शेवटाकडे ब्रंगातले आजारी लोक मागे पडतात आणि डोळ्यांसमोर उरतो तो एका नवऱ्याचा शोक. शोक खरा आहे, मीही रडले. पण शोकाने सोमरसाचा प्रश्न सुटत नाही.

मराठी वाचकाला हे लगेच खुपायला हवं, कारण आपल्याकडे इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आहे. खांडववन जाळणारे आपले लाडके कृष्ण-अर्जुन असले, तरी बाईंनी त्या आगीकडून नजर वळवली नाही. आत कोण जळलं, हे त्यांनी विचारलंच. देवगिरीबद्दल तोच प्रश्न विचारायला अमीशना सबंध पुस्तक होतं. पण ते नायकाच्या दुःखाजवळच बसून राहतात.

‘महाकाव्यात असंच असतं, एवढं काय मनावर घ्यायचं?’ असं कुणी म्हणेल. पण महाकाव्य युद्धाबरोबर संपत नाही. जिंकलेल्यांच्या तोंडाची चव जाईपर्यंत ते चालू राहतं. इथे उपसंहारात शिव कैलासाकडे परततो, शांत आणि उदास. खाली नदीचं काय झालं, ते पाणी कुणी आणि किती वर्षांत साफ केलं, सोमरसाची सवय लागलेल्या लाखो माणसांनी म्हातारं होणं कसं स्वीकारलं, ही खरी चौथी कादंबरी होती. तीत अस्त्रं नसती, पण धैर्य जास्त लागलं असतं.

तरीही ही कादंबरी वाचाच. वाईट दूर कुठेतरी नसतं, ते आपल्या सोयीच्या गाळातून खालच्या गावाला पोचतं, हे इतक्या सोप्या भाषेत लाखो तरुणांपर्यंत नेणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. फक्त देवगिरी जळाल्यावर टाळ्या वाजवू नका. शहर जाळल्याने नदी साफ होत नाही. त्यासाठी शहरात राहणाऱ्यांनी आपला सोमरस थोडा कमी प्यावा लागतो.