खोरे, उतार आणि नाव : भोर-वेल्ह्याच्या नकाशाविषयी

भौगोलिक माहिती प्रणालीतील गणित निर्विकार व नामकरण लहरी, असा एक समज अभ्यासकांत रूढ आहे. भोर-वेल्ह्यात तो टिकत नाही.

कानद खोरे, मोसे खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ ही जुनी नावे तेथील नद्यांच्या नावांशी निगडित आहेत. म्हणजे लोकभाषेने प्रदेश जलविभाजकांनी वाटून घेतला होता. १९८४ साली ओकॅलहन व मार्क यांनी मांडलेली रीत हेच करते. उंचीच्या प्रत्येक चौकटीचे पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराकडे सोडावयाचे, कर्णातील शेजाऱ्याचे अंतर √२ पट धरावयाचे, आणि वरून किती चौकटींचे पाणी येते ते मोजीत जावयाचे. ही संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ओढा सुरू झाला असे मानतात. मर्यादा किती, हे मात्र गणित सांगत नाही. ती अभ्यासक ठरवितो. भाटघरच्या सपाट जलपृष्ठावर तर उतारच नसल्याने रीत अडते व तिला कृत्रिम उतार पुरवावा लागतो. बुडालेल्या वेळवंडीचे तेथील पात्र हे अनुमान होय, मोजमाप नव्हे.

नावांची अडचण याहून खोल आहे. दोन गावयाद्या जुळविताना बहुधा लेव्हेनश्टाइनने १९६५ साली मांडलेले अंतर वापरतात : एका शब्दाचा दुसरा करण्यास किती चिन्हे बदलावी, घालावी वा गाळावी लागतात? 'वेळवंडी' व 'येळवंडी' यांत अंतर एक, आणि नदीही एकच. 'वेळवंडी' व 'वेळवंड' यांतही अंतर एकच. परंतु एक नदी, दुसरे तिचे खोरे. येथे रीत आंधळी ठरते. वस्तुतः ग्रामीण बोलीत 'वेळ'चे 'येळ' होणे हा नियमित ध्वनिबदल आहे. त्याचे मोल कमी धरावयास हवे. अंत्य ईकार अर्थभेदक आहे. त्याचे मोल अधिक हवे. अशी भारित सारणी बोलीच्या अभ्यासातूनच तयार होईल, सर्वसाधारण आज्ञावलीतून नव्हे.

तथापि भारित अंतरही एका ठिकाणी निरुपयोगी आहे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास 'राजगड' हे नाव देण्यास मान्यता दिली. या दोन शब्दांत ध्वनिसाम्य शोधणे व्यर्थ. तेथे स्थिर संकेतांक, नाव आणि त्या नावाचा कालावधी अशी नोंदच हवी. आणि शिवाय वर्गही, कारण 'राजगड' म्हणजे आता तालुक्याचे क्षेत्र आणि त्याच क्षेत्रातील किल्ला, दोन्ही.