तीन कार्डिनल आणि एक आरामखुर्ची

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी ‘इन्क्विझिशन’ हा शब्द आणून ठेवणे काही वाचकांस औचित्याला सोडून वाटेल. मराठी माणसाला हा शब्द ठाऊक आहे तो गोव्यामुळे. १५६० साली पोर्तुगिजांनी गोव्यात हे धर्मन्यायासन बसवले आणि मधली चार वर्षे सोडली, तर १८१२ पर्यंत ते चालले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली त्याचा इतिहास सिद्ध केला. तो वाचून कोणाला हसू फुटल्याचे ऐकिवात नाही. असे असता याच शब्दावर, गोव्याच्या जागी स्पेनचे नाव लावून, इंग्लंडातील काही मंडळींनी २२ सप्टेंबर १९७० रोजी बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर एक प्रहसन केले. लोक तेव्हा हसले आणि आजही हसतात. ते का हसतात हे पाहावे, आणि आपणही त्यांत सामील व्हावे की नाही याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मंडळीचे नाव ‘मॉन्टी पायथन’. पाच ब्रिटिश आणि एक अमेरिकन अशा सहा जणांनी १९६९ ते १९७४ या काळात अर्ध्या अर्ध्या तासाचे एकूण पंचेचाळीस भाग केले. त्या वेळी आपल्याकडे हे कोणी पाहण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईचे दूरदर्शन केंद्रच मुळी १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. आता मात्र हवे तेव्हा, हवे तितक्यांदा घरबसल्या पाहता येते. आमच्या ओळखीच्या एका घरात तर आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना हे प्रहसन पाठ आहे. आजोबांनी बाजारातून आणलेल्या वस्तू मोजायला घेतल्या, की नातू कार्डिनल होऊन मध्ये तोंड घालतो.

प्रवेश असा आहे. उत्तर इंग्लंडातले जॅरो गाव, साल १९१२. दिवाणखान्यात एक बाई बसल्या आहेत. एक कामगार येतो आणि गिरणीत काहीतरी बिघडले आहे असे सांगतो. काय बिघडले आहे? तर अमुक एक दांडा तमुक एका पायट्यावर तिरका गेला आहे. बाईंना अर्थबोध होत नाही. त्या पुन्हा पुन्हा विचारतात, तेव्हा तो चिडून सांगतो, की मलाही यातले काही कळत नाही. मला सांगण्यात आले, की आत जा आणि गिरणीत घोटाळा आहे असे सांग. इथे स्पॅनिश इन्क्विझिशनसारखी उलटतपासणी होईल असे मला वाटले नव्हते! हे शब्द तोंडातून बाहेर पडतात न पडतात तोच धाडकन दार उघडते, वाद्यांचा कर्कश आघात होतो आणि लाल झग्यांतले तीन कार्डिनल आत घुसतात. आमची अपेक्षा कधीच कोणी करीत नाही, अशी त्यांची गर्जना.

आपण बोलताना सहज म्हणतो, की ‘आभाळ कोसळले’, ‘पायाखालची जमीन सरकली’. असे म्हणताक्षणी खरोखरच घराचे जोते हलू लागले तर? विनोदाची ही पहिली पायरी. बोलीतला झिजलेला अलंकार कोणीतरी अक्षरशः खरा मानतो. पण ही युक्ती जुनी आहे आणि एवढ्यावरच प्रहसन थांबते, तर पन्नासहून अधिक वर्षांनी त्याची आठवण कोणी ठेवली नसती.

खरी गंमत पुढे आहे. मुख्य कार्डिनल आपली शस्त्रे सांगू लागतो. आमचे मुख्य शस्त्र एकच, अनपेक्षितपणा. अनपेक्षितपणा आणि भीती. म्हणजे दोन झाली. त्यांत निर्दय कार्यक्षमता आली, तीन झाली. मग पोपवरची जवळजवळ वेडी भक्ती आठवते, चार. आता पहिले वाक्य खोटे पडले! तेव्हा तो म्हणतो, की थांबा, आम्ही पुन्हा आत येतो. तिघेही बाहेर जातात, बिचारा कामगार आपले वाक्य निमूटपणे पुन्हा म्हणतो आणि तिघे पुन्हा घुसतात. या खेपेलाही यादी जमत नाही. मग ते काम दुसऱ्या कार्डिनलवर सोपवले जाते. तो गयावया करतो, की मला नाही हो जमणार. तो मान्य करतो तेव्हा जी त्रेधा उडते ती शब्दांत सांगण्यासारखी नाही.

मोजण्यात चुकणारी माणसे आपल्या परंपरेला नवीन नाहीत. नदी ओलांडून आलेल्या दहा जणांची गोष्ट कीर्तनकारांनी आपल्या कानांवर कितीदा घातली आहे! प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो आणि दहावा वाहून गेला म्हणून सगळे रडत बसतात. गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यासा’तला विसरभोळा गोकुळ उपरण्याला गाठी मारतो आणि गाठ कशासाठी मारली तेच विसरतो. पण त्या दहा जणांचे अज्ञान निरागस आहे, आणि गोकुळाचा विसरभोळेपणा हा त्याचा स्वतःचा, जन्मजात आहे. कार्डिनलचे तसे नाही. त्याची चूक त्याच्या पदाची चूक आहे. दहशत बसवायची तर आधी भाषण निर्दोष झाले पाहिजे, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. वास्तविक तीन सशस्त्र माणसे घरात घुसल्यावर घरच्यांना शस्त्रांची यादी ऐकण्याची गरज नसते! परंतु सत्तेला आपला प्रवेश यथासांग व्हावा लागतो. तो तसा झाला नाही, की लाल झगे उरतात आणि आत तीन गोंधळलेली माणसे उरतात. मला या प्रहसनाचे मर्म येथे दिसते.

आणि पाहा, त्या कामगाराची गत तरी कुठे वेगळी आहे? त्यालाही कोणी तरी एक वाक्य पढवून पाठवले आहे. दिवाणखान्यात दोन पढवलेली वाक्ये एकमेकांवर आदळतात आणि त्या बाई मध्ये सापडतात. हा कामगार पुष्कळ टीकाकारांच्या नजरेतून सुटतो, म्हणून मुद्दाम नोंदवले.

पात्रांच्या नावांतही खोडी आहे. मुख्य कार्डिनलचे नाव हिमेनेस. ही भूमिका मायकेल पेलिनची. या नावाचे कार्डिनल इतिहासात खरोखरच होऊन गेले. १५०७ ते १५१७ या काळात ते स्पेनच्या धर्मन्यायासनाचे प्रमुख होते. दुसऱ्याचे नाव बिगल्स, म्हणजे इंग्रज मुलांच्या साहसकथांतला वैमानिक. म्हणून टेरी जोन्स झग्यावर चामडी टोपी आणि वैमानिकाचा चष्मा चढवून येतो. तिसरा टेरी गिलियमचा फँग, आणि त्याच्या नावाचा अर्थ ‘सुळा’. इतिहास, बालवाङ्मय आणि दंतवैद्यक अशी ही त्रिमूर्ती आहे.

सगळेच सारखे उतरले आहे असे मात्र नाही. हातपाय ताणून हाडे निखळवण्याचे जे यंत्र होते, त्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोच धुतलेल्या बशा निथळत ठेवण्याच्या घडवंचीलाही आहे. त्यामुळे यंत्र आणा म्हटल्यावर बिगल्स बशांची घडवंची घेऊन येतो. हा श्लेष मराठी कानांपर्यंत पोचत नाही. शिवाय ती घडवंची बाईंच्या अंगाला बांधून ते तिघे जो वेळ काढतात, तो जरा लांबतो. असो.

दुसरा प्रवेश अधिक चांगला साधला आहे. एक म्हातारी आपल्या छायाचित्रांचा संग्रह दाखवीत बसली आहे. हे काका घरासमोर, हे काका घरामागे, आणि हे कोळशाच्या खोलीआड लपलेले स्पॅनिश इन्क्विझिशन! म्हणजे अचानक येणारे हे लोक आधीपासून दबा धरून बसले होते आणि कोणी तरी त्यांचे छायाचित्रही काढून ठेवले होते. मग म्हातारीवर पाखंडाचे तीन आरोप ठेवले जातात. मोजता मोजता तेही चार होतात. ती म्हणते, की माझ्यावर आरोप काय आहे तेच मला समजत नाही. त्यावर तिचा छळ सुरू होतो. कशाने? मऊ उशांनी! उशा टोचून टोचून काही होईना, तेव्हा विचारणा होते, की कापूस सगळा एका टोकाला गोळा केला आहेस ना? तरीही ती बधत नाही. मग शेवटचे भयंकर साधन म्हणून आरामखुर्ची येते. दुपारच्या जेवणापर्यंत या खुर्चीत बसायचे आणि अकरा वाजता फक्त एक पेला कॉफी!

येथे गोव्याची आठवण टाळता येत नाही. चार्ल्स डेलाँ नावाचा फ्रेंच वैद्य सतराव्या शतकात दमणला पकडला गेला आणि गोव्याच्या त्या वाड्यात कैदेत पडला. सुटल्यावर, १६८७ साली, त्याने आपली हकिकत छापली. तीत कैद्याचा खरा छळ कोणता दिसतो? आरोप काय हे त्याला सांगत नसत. त्यानेच आपला अपराध ओळखायचा, तोही बरोबर ओळखायचा, आणि कबूल करायचा. म्हातारीच्या तोंडचे ते साधे वाक्य इतिहासातल्या हजारो तोंडांचे आहे. लेखकांनी हे जाणून लिहिले की कसे, याची चौकशी मी करीत नाही. पण ते वाक्य प्रहसनात अगदी योग्य जागी पडले आहे आणि त्याच्या पाठोपाठ उशा येतात.

मग हसावे का? माझे मत असे, की हसावे. या प्रहसनात छळ सोसणाऱ्याची थट्टा एकदाही होत नाही. म्हातारी शांत आहे, बाई समंजस आहेत. हास्यास्पद ठरतात ते कबुलीजबाब मागणारे. उशीच्या जागी खरे साधन दाखवले असते तर कोणी हसले नसते हे उघड आहे. परंतु मारणाऱ्यांचा रुबाब जसाच्या तसा ठेवून त्यांच्या हातातले साधन तेवढे बदलल्यामुळे तो रुबाब किती पोकळ होता ते दिसते. ज्यांच्या पूर्वजांनी गोव्यातून देव पाठीवर घेऊन खाडी ओलांडली, त्यांना हे हसू परके वाटू नये.

आणखी एक मौज इतिहासातच दडलेली आहे. १४७८ साली पोपच्या आज्ञापत्राने स्पेनात हे न्यायासन स्थापन झाले. ते एखाद्या गावी गेले, की प्रारंभी एक जाहीरनामा वाचून दाखवला जाई. तीस-चाळीस दिवसांच्या मुदतीत जो आपण होऊन पाप कबूल करील, त्याला सौम्य वागणूक मिळे. म्हणजे गावाला महिनाभर दुसरे काही सुचतच नसणार! ज्या संस्थेची लोक सर्वांत अधिक धास्तीने वाट पाहत, तीच या प्रहसनात गर्जना करते, की आमची अपेक्षा कोणी करीत नाही.

अपेक्षेचा हा धागा अखेरच्या प्रवेशात पुरा होतो. ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी शून्यावर आली म्हणजे हसू येते, असे कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली सांगून ठेवले आहे. भागाच्या शेवटी लंडनचे ओल्ड बेली हे न्यायालय दिसते. न्यायाधीश ते परवलीचे वाक्य उच्चारतात. आता सगळ्यांना ठाऊक आहे काय होणार ते. सारे दाराकडे पाहतात. दार उघडत नाही! तिकडे तिघे कार्डिनल कुठल्याशा घरातून धावत सुटले आहेत. ते बस पकडतात आणि तिकिटे मागतानासुद्धा दोन की तीन हे चुकतात. एवढ्यात पडद्यावर कलावंतांची नामावळी सुरू होते. ती त्यांनाही दिसते आहे. प्रकाशयोजनाकाराचे नाव आले, आता थोडीच उरली, अशी त्यांची घालमेल चालली आहे. ते न्यायालयात शिरून आपले वाक्य सुरू करतात, तो ‘समाप्त’ची पाटी झळकते. वाक्य अर्धेच राहते.

हल्ली पहिला प्रवेश तेवढा सुटा काढून दाखवण्याची चाल पडली आहे. त्याने मोजणीची गंमत हाती लागते, पण ही बस चुकते. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अर्ध्या तासाचा तो भाग सबंध पाहावा. दुसऱ्या मालिकेतला तो दुसरा भाग आहे.