चाकू, जामीन आणि टाळ्या : '२०० हल्ला हो' या चित्रपटाविषयी

गेल्या महिन्यात बेंबळीच्या एका घरी सायंकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही आठदहा जणांनी मिळून '२०० हल्ला हो' हा हिंदी चित्रपट पाहिला. तो संपला तेव्हा तरुणांनी टाळ्या वाजविल्या. कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी मात्र विचारले, "पन फादर, ह्या बायका आधी ठाण्यात गेल्या न्हवत्या व्हय?" या चित्रपटाचे परीक्षण करावयाचे तर आजींच्या या प्रश्नापासूनच आरंभ करावयास हवा.

सार्थक दासगुप्ता यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२१ साली प्रदर्शित झाला. त्याला आधार आहे तो नागपूरच्या सत्य घटनेचा. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबा नगर वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयातच चाकूंनी ठार केले. त्याने वर्षानुवर्षे वस्तीला छळले होते, स्त्रियांवर अत्याचार केले होते. आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे, की बायका ठाण्यात गेल्या होत्या, अनेकदा गेल्या होत्या. परंतु त्यांची दाद घेतली गेली नाही. आता त्याला जामीन मिळेल आणि तो पुन्हा दाराशी येऊन उभा राहील, या धास्तीतून चाकू निघाले. पुढे २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता झाली.

चित्रपटाचे गुण मान्य केले पाहिजेत. अमोल पालेकर यांनी निवृत्त दलित न्यायाधीशाची भूमिका कोठेही आवाज न चढविता उभी केली आहे. रिंकू राजगुरू हिच्या नजरेतील संतापही खरा वाटतो. दलित स्त्रीची तक्रार लिहून घेताना पोलिसाची लेखणी का अडखळते, हे चित्रपट निर्भीडपणे दाखवितो.

त्याचा दोष मात्र मुळाशी आहे. त्याने खलनायक इतका काळा रंगविला आहे, की प्रेक्षकाला विचार करण्याचे काही कारणच उरत नाही. कायद्याने आत्मरक्षणाचा हक्क दिला आहे; बलात्काराच्या हेतूने झालेल्या हल्ल्यात तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो पोहोचतो. पण धोका समोर असावा, बळ गरजेपुरतेच असावे आणि शासनाकडे धाव घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही, अशा त्याच्या मर्यादा आहेत. जुन्या दंडसंहितेतील हीच तत्त्वे २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेत. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनास यांच्याकडूनही हेच शिकलो, की स्वतःचा जीव वाचविणाऱ्याने आवश्यकतेहून अधिक बळ वापरले, तर तो अन्याय ठरतो.

अक्कू त्या दिवशी पोलिसांच्या ताब्यात होता. कागदावर पाहिले तर आत्मरक्षणाचा बचाव टिकणे अवघड. परंतु ज्यांच्याकडे धाव घ्यावयाची त्यांनीच दार लावून घेतले असेल, तर 'अवधी' या शब्दाला अर्थ काय राहतो? नाटकाचा गाभा हा होता. चित्रपट त्याला ओझरता स्पर्श करतो आणि भाषणाकडे वळतो.

दुसरीही एक गोष्ट त्याने निसटू दिली. 'आम्ही सर्वांनी मारले' असे वस्ती म्हणत होती. पण त्या कृत्यात तिचा सहभाग होता, हे पुराव्याने सिद्ध झाल्याविना कोणाही एकीला शिक्षा देता येत नाही. या स्त्रिया सुटल्या त्या या नियमामुळे, आणि हाच नियम अक्कूच्या वाट्याला आला नाही. हे म्हणताना मला त्याची कणव आलेली नाही. त्याचा खटला वेळेवर आणि नीट चालला असता, तर या स्त्रियांना साक्षीदार म्हणून ताठ मानेने उभे राहता आले असते. आरोपीच्या पिंजऱ्यात दहा वर्षे काढावी लागली नसती. न्याय्य खटला हा गुन्हेगाराचा लाड नव्हे, पीडितेचेही ते संरक्षण आहे.

याच घटनेवर 'देऊळ'चे दिग्दर्शक उमेश कुलकर्णी यांनी २०२२ मध्ये तीन भागांचा माहितीपट केला. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांनी तोही अवश्य पाहावा, आणि शक्यतो घरातील तरुणांसह पाहावा. पाहून झाल्यावर लगेच टाळ्या वाजवू नयेत. आजींचा प्रश्न आधी एकमेकांना विचारावा. आपल्या गावातली एखादी बाई उद्या ठाण्याची पायरी चढली, तर तिच्यासोबत आपल्यापैकी कोण जाणार आहे, हेही त्याच बैठकीत ठरवावे.