एका खात्याची दोन पासबुकं

स्पीकरच्या पाठीमागे सहसा कोणी जात नाही. तिथे जळमटं असतात. जुन्या सरळमार्गी स्पीकरला मागे दोनच नट असत, एक तांबडा, एक काळा. हल्लीच्या पुष्कळ महाग स्पीकरांना चार असतात : वरची जोडी बारीक आवाजाच्या ट्वीटरची, खालची भरदार आवाजाच्या वूफरची. कारखान्यातून येतानाच या जोड्या पितळेच्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. या पट्ट्या म्हणजे जंपर. त्या काढून अॅम्प्लिफायरपासून दोन्ही जोड्यांना वेगवेगळ्या वायरी नेल्या की झालं बाय-वायरिंग. आमच्या मेव्हण्यांनी ते केलं. पतपेढीचं कर्ज काढून केलं. त्या अर्जावर जामीनदार म्हणून माझी सही आहे, तेव्हा या विषयावर टीका करण्याचा माझा अधिकार कोणी काढू नये.

मी कॉमर्सचा पदवीधर. वीज मला बिलापुरतीच कळते, पण हिशेब कळतो. या दोन्ही वायरी निघतात अॅम्प्लिफायरच्या एकाच जोडीपासून. एकीतून बारीक आवाजाचा प्रवाह जातो, दुसरीतून भरदार, हे खरं. पण ही वाटणी करतो स्पीकरच्या पोटातला क्रॉसओव्हर, आणि पट्ट्या होत्या तेव्हाही तो बिचारा हेच करत होता. म्हणजे एकाच बचत खात्याची दोन पासबुकं. दोन्ही रोज भरून आणा, शिल्लक तीच! दुसरं खातं हवं तर दुसरा अॅम्प्लिफायर आणावा लागतो. तो मामला वेगळा, आणि तिथे पट्ट्या काढायला विसरलात तर दोन अॅम्प्लिफायर एकमेकांच्या उरावर बसतात.

फरक अगदीच नसतो असं नाही. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन 6 मीटर धरली, तर तिचा विजेला विरोध सुमारे 0.04 ओहम. स्पीकर 8 ओहमचा. म्हणजे अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्याचं महत्त्व मला सांगू नये. मुदत ठेवीवर तेवढं जास्त मिळतं म्हणून ज्येष्ठ नागरिक काउंटर उघडायच्या आधीपासून उभे असतात. पण इथे क्रॉसओव्हरमधली कॉइल त्याच्या कितीतरी पट आधीच खाऊन बसलेली असते. कारखानदारांनाही या चार नटांवाचून चालतंच : केईएफ या इंग्रज कंपनीच्या 2012 च्या एलएस 50 ला एकच जोडी आहे, 2018 च्या आर 3 ला दोन.

आता तंबोऱ्याची जवारी पाहा. घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा असतो. तो गव्हाएवढा सरकवला की सगळा तंबोरा बोलायला लागतो. दोऱ्याला किंमत नाही, रंगीत माहितीपत्रक नाही, आणि फरक चहा घेऊन आलेल्या पोरालाही कळतो. मेव्हण्यांच्या वायरीचा फरक ऐकायला मात्र ‘कान तयार’ असावा लागतो. इथेच दुकानदाराचं फावतं. आपल्याकडे माणूस एक वेळ ‘मला अक्कल नाही’ म्हणेल, ‘मला कान नाही’ असं चारचौघांत कदापि म्हणणार नाही.

मी सुचवलं, वहिनींनी पडद्यामागे वायरी बदलाव्यात, तुम्ही दहा वेळा ओळखा.

“भावजी, संगीत ही काय परीक्षा आहे?” ते म्हणाले.

“हप्ता आहे,” आतून वहिनी म्हणाल्या.

पैशाचं एक वेळ जाऊ द्या. पूर्वी हा गृहस्थ किशोरी आमोणकरांचा भूप लावून डोळे मिटून बसे. आता आलाप सुरू झाला की उठतो, स्पीकरमागे वाकतो, नट पिळतो आणि परत पहिल्यापासून लावतो. महिनाभरात त्या घरात एकही बंदिश द्रुतापर्यंत पोहोचलेली नाही.

पट्टी ढिली किंवा काळवंडलेली असेल तर आवाज बिघडतो, हे मला मान्य. तेव्हा नट आवळावेत. फारच वाटलं तर आहे त्याच वायरीचे चार-चार बोटं तुकडे कापून पट्टीच्या जागी लावावेत. मेव्हण्यांनी काढलेल्या पट्ट्या मी मागून घेतल्या आहेत. वर सोन्याचा मुलामा आहे म्हणतात. कर्ज फिटेपर्यंत तारण म्हणून माझ्याकडे राहतील.